घरी फोटो छापायचे, तर प्रिंटर कोणता घ्यावा?

दुकानात जाऊन ‘यावर फोटो निघतात का?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं, ‘निघतात की!’ आणि ते खोटंही नसतं. आज बाजारात मिळणारा जवळपास प्रत्येक रंगीत इंकजेट प्रिंटर चकचकीत कागदावर फोटो काढून देतो. अडचण नंतर कळते. मुंजीचा किंवा डोहाळजेवणाचा फोटो हातात घेतला की गालावर बारीक ठिपके दिसतात, पैठणीचा जांभळा निळ्याकडे झुकतो, केसांच्या जागी नुसता काळा डाग उमटतो, आणि भिंतीवर लावलेला तोच फोटो दोन-तीन वर्षांत विटून जातो. म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्नच बदलायला हवा. यात किती रंगांच्या शाया आहेत, त्या कोणत्या जातीच्या आहेत, हे त्याला विचारा. आणि आपल्या घरात आठवड्याला किती फोटो निघणार आहेत, हे स्वतःला विचारा.

हा शेवटचा प्रश्न आधी सोडवू, कारण प्रिंटर घ्यावा की नाही हेच त्यावर ठरतं. इंकजेटच्या हेडला अतिशय सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून पातळ शाई कागदावर उडवली जाते. प्रिंटर चालता राहिला तर छिद्रं मोकळी राहतात. महिना-दीड महिना पडून राहिला, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात, तर शाई तिथेच सुकते आणि हेड चोक होतो. मग हेड क्लिनिंग करावं लागतं आणि प्रत्येक क्लिनिंगमध्ये चांगली शाई वाया जाते. गणपतीत दहा फोटो, दिवाळीत वीस, आणि मधले महिने प्रिंटरवर कापड टाकून ठेवलेलं, असा वापर होणार असेल तर इंकजेट घेऊ नका. पेन ड्राइव्ह घेऊन सरळ लॅबमध्ये जा. तिथे फ्रंटिअर किंवा नोरित्सूसारखं रसायनांवर चालणारं यंत्र असेल तर फोटो लेझरच्या प्रकाशाने संवेदनशील कागदावर उमटतो आणि धुऊन बाहेर येतो. त्यात शाईचे ठिपके नसतातच. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ‘ड्राय लॅब’ आल्या आहेत, त्या शाईवरच चालतात. आपला फोटो कशावर निघणार आहे हे काउंटरवर विचारायला हरकत नाही. वर्षाला तीस-चाळीस फोटो काढणाऱ्या घराला लॅबइतकं चांगलं आणि स्वस्त दुसरं काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

कधीतरीच फोटो काढायचे, पण ते घरीच आणि लगेच हवेत, अशांसाठी एक मधला मार्ग आहे: डाय-सब्लिमेशन जातीचा छोटा प्रिंटर. कॅननचा सेल्फी सीपी १५०० हे याचं सहज मिळणारं उदाहरण. यात पातळ शाई नसते, रंगाची रिबन असते. उष्णतेने रिबनवरचा रंग कागदात उतरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो: पहिल्यांदा पिवळा, मग किरमिजी, मग निळा आणि शेवटी वरून एक पारदर्शक संरक्षक थर. पाऊण मिनिटाच्या आत फोटो तयार होतो, तो हातात येतानाच कोरडा असतो, पाण्याचा थेंब पडला तरी पुसता येतो. प्रिंटर सहा महिने कपाटात राहिला तरी चोक होण्यासारखं त्यात काही नाही. रंगाच्या छटा सलग मिळतात, त्यामुळे चेहरे फार मऊ आणि सुंदर येतात. कागद आणि रिबन एकत्रच मिळतात, १०८ फोटोंच्या पाकिटात १०८ कागद आणि ३ रिबन, त्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच कळतो. मर्यादा एकच, पण मोठी: फोटो पोस्टकार्डाएवढाच, १४८ × १०० मिलिमीटर. भिंतीवर लावायला ए४ हवा असेल तर हा प्रिंटर उपयोगाचा नाही. पण अल्बम भरायचा असेल, आजीला नातवंडांचे फोटो पाठवायचे असतील, शाळेच्या अर्जासाठी अचानक पासपोर्ट फोटो लागत असतील, तर याच्याइतकी बिनकटकटीची सोय नाही.

लेझर प्रिंटरबद्दल थोडक्यात सांगतो. रंगीत लेझर कागदपत्रांसाठी उत्तम, फोटोसाठी नाही. टोनरची भुकटी कागदावर वितळवून बसवली जाते, त्यात फोटोतल्या हलक्या छटा हरवतात. आणि इंकजेटचा ग्लॉसी कागद चुकूनही लेझरमध्ये घालू नका. आतल्या तापलेल्या रोलरवर त्याचा लेप वितळून चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

चार रंग आणि सहा रंग

आता मुख्य निवड. दर आठवड्याला थोडे का होईना फोटो काढणारं घर असेल, तर इंकजेट, आणि त्यातही इंक टँकचा, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई भरायचा. कार्ट्रिजचा छोटा प्रिंटर स्वस्तात मिळतो खरा, पण त्यातली शाई महाग पडते. अनेक मॉडेलांत तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. एक रंग संपला की उरलेल्या दोन रंगांसकट ते टाकून द्यावं लागतं. फोटोला शाई भरपूर लागते, त्यामुळे हा तोटा लगेच जाणवतो.

पण इंक टँक म्हटलं की दुकानदार बहुधा चार रंगांचा ऑल-इन-वन पुढे करतो. कॅनन, एप्सन, एचपी, ब्रदर, सगळ्यांचे असे प्रिंटर आहेत. मुलांचे प्रकल्प, वीजबिलाची झेरॉक्स, आधार कार्डाची प्रत यासाठी ते चांगलेच आहेत. चांगल्या फोटोसाठी मात्र ते अपुरे पडतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

या प्रिंटरमध्ये सायन हा आकाशाकडे झुकणारा निळा, मॅजेंटा हा राणी रंगाजवळचा गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात. गव्हाळ गालाची फिकी छटा हवी असली तरी प्रिंटरला शाई फिकी करता येत नाही. तो गडद शाईचेच थेंब लांब लांब टाकतो आणि मधून कागदाचा पांढरा दिसू देतो, रांगोळीची चिमूट विरळ सोडली की जमीन दिसते तसं. कागदापासून दोन हात लांब उभं राहिलं तर डोळा ते एकत्र करून घेतो, पण अल्बममधला फोटो आपण वीतभर अंतरावरून पाहतो. तिथे गाल, कपाळ, आकाश, पांढरा सदरा अशा हलक्या जागी दाणे दिसतात.

सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये यावर दोन वेगवेगळे उपाय केलेले दिसतात. एप्सनच्या एल ८०५० मध्ये नेहमीच्या चार रंगांबरोबर फिका सायन आणि फिका मॅजेंटा अशा दोन शाया आहेत. हलक्या छटेसाठी फिकी शाई दाट टाकता येते, त्यामुळे दाणे जवळजवळ नाहीसे होतात. कॅननने पिक्स्मा जी ५७० आणि जी ६७० मध्ये दुसरा मार्ग घेतला: चार रंगांना लाल आणि करड्या शाईची जोड. लाल शाईमुळे कुंकू, शालू, गुलाल, झेंडूचा केशरी हे रंग जास्त रसरशीत येतात. करड्या शाईमुळे सावलीतले भाग, केस आणि कृष्णधवल फोटो स्वच्छ येतात, त्यांवर हिरवट किंवा जांभळट झाक कमी राहते. माझं मत विचाराल तर चेहरे आणि लहान मुलांचे फोटो जास्त काढणाऱ्यांना फिक्या शायांचा प्रिंटर जास्त समाधान देईल. लग्नकार्य, सण, फुलं, आणि शिवाय घरातले जुने कृष्णधवल फोटो छापायचे असतील तर लाल-करड्याकडे वळावं. दोन्ही चांगले आहेत. चार रंगांच्या प्रिंटरपेक्षा दोन्ही निःसंशय सरस आहेत.

यांतले एल ८०५० आणि जी ५७० फक्त छापतात, त्यांना स्कॅनर नाही. जी ६७० मध्ये स्कॅनर आहे. आजोबांच्या काळातले फोटो स्कॅन करून नवे काढायचे असतील तर हा फरक महत्त्वाचा. जुना लहान फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे तो दुप्पट मोठा छापला तरी फुटणार नाही. ए४ पेक्षा मोठे फोटो हवेत, तर एप्सनचा एल १८०५० हा ए३ प्लसपर्यंत, म्हणजे १३ × १९ इंचांपर्यंत जातो. पण तो टेबलावर बरीच जागा अडवतो आणि बहुतेक घरांत वर्षातून दोनदाच तेवढा मोठा फोटो निघतो. तो लॅबमधून काढून आणावा.

खोक्यावर लिहिलेल्या ‘५७६० × १४४० डीपीआय’ या आकड्याने हुरळून जाऊ नका. प्रिंटर थेंब किती जवळजवळ टाकू शकतो याचं ते माप आहे, फोटोत किती तपशील येईल याचं नाही. त्यापेक्षा सर्वांत लहान थेंब केवढा, ते पाहा. एल ८०५० मध्ये तो १.५ पिकोलिटर आहे, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब जितका लहान तितका दाणा बारीक.

आणखी एक फरक कंपनीच्या यंत्रणेतला. कॅनन आणि एचपी यांचे हेड शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या दाबाने थेंब फेकतात. एप्सन आणि ब्रदर यांचे हेड विजेने हलणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने. छापलेल्या फोटोत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दुरुस्तीत दिसतो. कॅननच्या जी मालिकेतल्या प्रिंटरचे हेड बरेचदा घरी काढून बदलता येतात. एप्सनचे हेड जास्त काळ टिकतात, पण बदलायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. म्हणून कणकवलीत किंवा गडचिरोलीत राहणाऱ्या माणसाने मॉडेल ठरवण्याआधी त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे पाहावं. लॅमिंग्टन रोडवर हजार रुपये कमी पडले म्हणून घेतलेला प्रिंटर दुरुस्तीला परत मुंबईपर्यंत न्यावा लागला तर तो महागच पडला.

शाई कोणती, आणि फोटो किती टिकेल

वर सांगितलेल्या सहा रंगांच्या इंक टँक प्रिंटरांत डाय शाई असते. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदाच्या लेपात मुरतो, त्यामुळे ग्लॉसी कागदावर फार झळाळतो. दुसरी जात पिगमेंट शाईची. तिच्यात रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात. ऊन, ओल आणि हवा यांना पिगमेंट जास्त काळ तोंड देते, पण ग्लॉसी कागदावर तिरप्या उजेडात तिची चमक असमान दिसू शकते. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो ३०० सारख्या छायाचित्रकारांच्या प्रिंटरमध्ये म्हणूनच रंगांच्या शायांबरोबर चमक सारखी करणारा एक वेगळा पारदर्शक द्रव असतो. तो प्रिंटर घरगुती खर्चाच्या पलीकडचा आहे.

सहा रंगांच्या प्रिंटरमधले फोटो शेकडो वर्षं टिकतात अशा जाहिराती दिसतात. त्या नीट वाचाव्यात. अल्बममध्ये बंद ठेवलेल्या फोटोचं आयुष्य वेगळं, काचेमागे भिंतीवर लावलेल्याचं वेगळं, आणि उघड्यावर लावलेल्याचं त्याहून कितीतरी कमी. रंगीत फोटोंच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारे अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचण्या जगभर प्रमाण मानल्या जातात. त्यांतला भिंतीवरच्या फोटोचा हिशेब रोज १२ तास ४५० लक्स उजेड, २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरून केलेला असतो. जुलैतल्या रत्नागिरीची हवा आठवा. आपल्या घरातला फोटो त्या आकड्यांपेक्षा कितीतरी कठीण परिस्थितीत लटकत असतो.

उजेडाइतकीच हवाही घातक असते. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर, एका विशिष्ट ग्लॉसी कागदावर काढलेले फोटो काही ठिकाणी थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. हवेतल्या ओझोनने त्यांतला सायन रंग नष्ट होत होता. काचेमागे ठेवलेल्या फोटोंना तो त्रास झाला नाही. त्यानंतर शाया आणि कागद खूप सुधारले, पण धडा आजही तोच आहे: डाय शाईचा फोटो उघडा ठेवू नका. काचेच्या फ्रेममध्ये किंवा अल्बमच्या पाकिटात ठेवा, आणि छापल्यावर निदान एक दिवस तो सुकू द्या. घाईने फ्रेम केला तर आतला ओलावा काचेवर धुकं धरतो.

आपल्याकडच्या एका फोटोचा इथे वेगळा विचार करायला हवा, तो म्हणजे दिवाणखान्यात हार घातलेला, गेलेल्या माणसाचा फोटो. तो वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो, त्याच्यासमोर उदबत्ती लागते, पावसाळ्यात भिंतीची ओल त्याच्या पाठीमागे पोचते. हा फोटो घरच्या डाय शाईवर छापून कायमचा लावू नये. लॅबमधून रसायनांवर धुतलेला काढावा किंवा पिगमेंट शाईवर छापणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा. फ्रेम बनवणाऱ्याला सांगून फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्या, म्हणजे ओल धरल्यावर फोटो काचेला चिकटणार नाही. अनेक घरांतले जुने मौल्यवान फोटो काचेला चिकटल्यामुळेच फाटले आहेत. आणि मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, कारण छापलेला फोटो गेला तरी फाइल असेल तर नवा काढता येतो.

कागद

प्रिंटरवर वीस-बावीस हजार खर्च करून सर्वांत स्वस्त कागद आणणारे खूप आहेत. मला यात फार वाईट वाटतं, कारण सहा रंगांचा सगळा फायदा त्या कागदावर वाया जातो. ग्लॉसी म्हणून मिळणारे कागद दोन जातींचे असतात. एक, साध्या कागदाच्या एका बाजूला चमकदार लेप दिलेला. हा स्वस्त असतो, बहुधा १८० ते २३० जीएसएमचा, आणि छापल्यावर वाकतो. दुसरा आरसी कागद, ज्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो. लॅबमधला फोटो हाताला जसा लागतो तसाच हा लागतो. तो साधारण २५५ ते २८० जीएसएमचा असतो. ओळखायचं कसं? मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला तर साधा, वर तसाच राहिला तर आरसी. मागची बाजू बोटाला गुळगुळीत लागते, हीही खूण आहे. चांगल्या फोटोसाठी आरसीच घ्या. पहिलं पाकीट प्रिंटरच्या कंपनीचंच घ्यावं, म्हणजे प्रिंटर चांगल्यात चांगलं काय देतो ते कळतं. त्यानंतर इतर कंपन्यांचे कागद त्याच्याशी ताडून पाहा.

चकचकीत की सॅटिन हा आवडीचा भाग आहे. हातोहात फिरणाऱ्या फोटोंवर बोटांचे ठसे उमटतात, त्यांसाठी सॅटिन किंवा लस्टर बरा. काचेमागे जाणाऱ्या फोटोलाही सॅटिन चालतो. मॅट कागदावर काळा रंग तितका खोल येत नाही; चित्रं, शुभेच्छापत्रं यांना तो छान, लग्नाच्या फोटोंना नाही.

उघडं पाकीट पावसाळ्यात ट्रेमध्ये ठेवू नका. ओल धरलेला कागद शाई पसरवतो आणि आत अडकतो. लागतील तेवढेच कागद काढा आणि उरलेले त्यांच्याच पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. कोणती बाजू छापायची हे कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा. किंचित चिकट लागते ती छापायची बाजू. प्रिंटर घेतानाच कागद मागून सरळ आत जातो का, हेही पाहा. खालच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळून जात असेल तर जाड आरसी कागदाला त्रास होऊ शकतो.

आता सर्वांत जास्त फोटो ज्यामुळे बिघडतात ती गोष्ट. ट्रेमध्ये ग्लॉसी कागद घातला, पण छापताना निवड ‘प्लेन पेपर’ची राहिली. प्रिंटरला कागद दिसत नसतो. तुम्ही जे नाव निवडता त्यावरून तो शाई किती आणि कशी टाकायची ते ठरवतो. साध्या कागदाची निवड राहिली तर ग्लॉसीवर रंग मळकट येतात, काळा ओघळतो, आणि दोष प्रिंटरच्या माथी जातो. प्रत्येक वेळी छापण्याआधी कागदाचा प्रकार, आकार आणि ‘हाय’ दर्जा या तीन जागा तपासा. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर त्याच्या जवळचं नाव निवडा आणि एक फोटो काढून पाहा.

फोटोची फाइल

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उतरवलेला फोटो छापायला घेणं ही घराघरांतली सवय आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४ × ६ इंचांच्या फोटोत एका इंचाला २६० च्या वर पिक्सेल मिळतात, ते ठीक आहे. पण तोच फोटो ए४ वर ताणला की इंचाला १४० पेक्षा कमी उरतात, आणि डोळे, दागिने, जरीचे काठ पुसट होतात. ए४ साठी इंचाला ३०० च्या हिशेबाने २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत. त्यामुळे ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा गुगल ड्राइव्हवरून घ्या.

दुसरी गोष्ट आकाराची. फोनचा फोटो बहुधा ४:३ मापाचा असतो, ४ × ६ चा कागद ३:२ मापाचा. बिनाकडांचा फोटो काढताना प्रिंटर वरची-खालची मिळून सुमारे ११ टक्के बाजू कापतो. ओळीत उभ्या राहिलेल्या वरच्या माणसांचे फेटे आणि खालच्यांचे पाय जातात ते यामुळे. छापण्याआधी कातरण आपल्या हाताने ठरवा, किंवा ५ × ७ चा कागद घ्या. त्यात कापलं जाणारं प्रमाण बरंच कमी होतं. पासपोर्ट फोटोसाठी ४ × ६ च्या एका कागदावर ३५ × ४५ मिलिमीटरचे ८ फोटो बसतात.

‘स्क्रीनवर इतका छान दिसतो आणि कागदावर काळवंडतो’ ही तक्रार फार येते. फोन आणि लॅपटॉपचा पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. पडद्याची ब्राइटनेस कमी करा, बाजूला पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ती जुळवा. मग फोटोचा उजेड ठीक करा. रंग सांभाळायचं काम एकतर प्रिंटरवर सोडा किंवा फोटोच्या सॉफ्टवेअरवर. दोघांनीही ते केलं तर चेहरे लाल होतात. सर्वसाधारण माणसाने फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवावी आणि रंगांचं काम प्रिंटरवर सोडावं. छापलेला फोटो ट्यूबलाइटखाली तपासू नका. खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहा, आणि डाय शाई बसायला दोन-तीन तास गेल्यावरच रंगाबद्दल मत बनवा.

खर्चाचा खरा हिशेब

स्वस्तात फोटो मिळतील म्हणून प्रिंटर घेणार असाल तर आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा प्रिंटर २२,००० रुपयांचा आहे आणि तुम्ही आठवड्याला १० फोटो काढता. तीन वर्षांत ते १,५६० होतात. म्हणजे शाई-कागद धरायच्या आधीच एका फोटोवर प्रिंटरचे १४ रुपये पडले. आठवड्याला ३० फोटो काढलेत तर तोच वाटा ५ रुपयांच्या आत येतो. मूळ शाईचा संच समजा ३,६०० रुपयांना आला आणि त्यात १,८०० फोटो निघाले, तर शाई २ रुपयांची. चांगला आरसी कागद त्याहून महाग असतो. म्हणजे इंक टँकमध्ये खर्च शाईचा कमी आणि प्रिंटर व कागद यांचाच जास्त. म्हणून डुप्लिकेट शाई भरून पैसे वाचवणं मला पटत नाही. फोटोमागे रुपया वाचतो, पण रंग बदलतो, टिकाऊपणा जातो आणि हेड चोक झाला तर वॉरंटी मिळत नाही.

घरी छापण्यात पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. बारशाला आलेल्या पाहुण्यांना निघताना हातात फोटो देता येतो, एखादा फोटो मनासारखा होईपर्यंत तीनदा काढता येतो, मुलं स्वतः निवडून अल्बम लावतात. हा फायदा ज्यांना हवा आहे त्यांनी प्रिंटर जरूर घ्यावा.

दुकानात आणि घरी आणल्यावर

दुकानातला नमुन्याचा फोटो पाहून ठरवू नका. तो फोटो प्रिंटरला शोभेल असाच निवडलेला असतो. स्वतःचे दोन फोटो पेन ड्राइव्हमध्ये न्या. एकात वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे, काळे केस आणि पांढरा कपडा असू दे. दुसऱ्यात संध्याकाळचं आकाश आणि गडद रंगाची साडी. दोन्ही तुमच्या समोर, आरसी कागदावर, हाय दर्जावर काढायला सांगा. आकाशात पट्टे दिसतात का, गालावर दाणे आहेत का, केसांच्या बटा वेगळ्या कळतात का, पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी झाक आहे का, ते दाराशी उजेडात जाऊन पाहा. वापरून झालेली शाई साठवणारा भाग घरी बदलता येतो का, हे विचारायला विसरू नका. हेड क्लिनिंगची शाई तिथे जमते, आणि तो भरला की प्रिंटर थांबतो. कॅननच्या जी ५७० आणि जी ६७० मध्ये हा भाग विकत घेऊन घरच्या घरी बदलता येतो.

घरी आणल्यावर पहिल्यांदा शाई भरली की तिचा काही भाग नळ्या आणि हेड भरण्यात जातो. बाटल्या लवकर संपल्या म्हणून घाबरू नका. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाने नाही. बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकला जातो, नाहीतर तो उघडाच राहून सुकतो. वारंवार वीज जात असेल तर इंकजेटला छोटा यूपीएस लावता येतो. लेझरला घरगुती यूपीएस लावू नये, तो तापताना फार वीज ओढतो. आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेला एक फोटो काढा. रेघा दिसू लागल्या तर आधी नोझल चेक छापा, मग एक-दोनदा हेड क्लिनिंग करा. तरीही रेघ गेली नाही तर पुन्हा पुन्हा सफाई करत बसू नका. प्रिंटर बंद करून सहा ते बारा तास तसाच राहू द्या. सुकलेली शाई सैल होते आणि पुढच्या सफाईत बहुधा निघून जाते. आणि पहिला चांगला फोटो निघाला की त्याच्या मागे कागदाचं नाव, निवडलेला प्रकार आणि दर्जा बॉलपेनने हलक्या हाताने लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच निवडीवर तोच रंग मिळेल.